तिसऱ्या मजल्यावरचं स्टेशन

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर पुतण्यानं एक चित्र टाकलं. सोलापूरचा सात रस्ता, मागे ओळखीच्या इमारती, आणि खांबांवरून चकचकीत तीन डब्यांची गाडी चाललीय. खाली ठळक अक्षरांत 'सोलापूर मेट्रो, लवकरच'. कुणीतरी रिकाम्या वेळात संगणकावर बसून केलेला उद्योग, दुसरं काय. पण पाच मिनिटांत सतरा अंगठे आले. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबईची वंदे भारत सुरू झाली, जून २०२५ मध्ये गोव्याला विमान उडालं, आता राहिली ती मेट्रोच, असा एकूण सूर होता.

मी लिहिलं, "आपल्याला मेट्रो नको."

झालं! काका नेहमीच उलटं बोलतात, काकांना सोलापूरची प्रगती बघवत नाही, निवृत्त माणसाला कुठं घाई असते, वगैरे वगैरे. ग्रुपवर वाद घालायची माझी पद्धत नाही (बायको वाचत असेल तर तिनं हसू नये). म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी अंगठे दिले त्यांनी तरी वाचावं.

मेट्रोचं मला काय कळतं, हा प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली, रूळ टाकले नाहीत. पण एक स्टेशन मात्र मी खड्डा खणल्यापासून पाहिलंय. आमची ताई पुण्यात कोथरूडला राहते, पौड रस्त्याच्या अगदी कडेला, तिसऱ्या मजल्यावर. पौड रस्त्यावर मेट्रोची तीन स्थानकं आहेत, वनाज, आनंदनगर आणि आयडियल कॉलनी. त्यातलं ताईच्या घरासमोरचं कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. नातेवाइकांना माहीत आहे, बाकीच्यांना त्याची गरज नाही.

पुणे मेट्रोचं भूमिपूजन झालं २४ डिसेंबर २०१६ ला. त्यानंतर ताईच्या घरी जाणं म्हणजे पत्र्यांच्या भिंतीतून वाट काढणं. दर खेपेला खांब वाढलेला असायचा. दाजी गॅलरीत उभे राहून मला माहिती द्यायचे, जणू तेच कंत्राटदार. मग एका खेपेला खांबावर डोकं आलं, डोक्यावर पूल आला, आणि पुढच्या वेळी बघतो तर ताईच्या गॅलरीसमोरचं आभाळच गेलेलं. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज अशी पाच किलोमीटरची गाडी सुरू झाली. पहिले काही महिने लोक ती नुसती मजा म्हणून बघायला यायचे. वनाजला बसायचं, गरवारेला उतरायचं, फोटो काढायचे आणि परत. आम्हीसुद्धा तेच केलं, खोटं कशाला बोलू.

खरी गंमत सुरू झाली १ ऑगस्ट २०२३ पासून. त्या दिवशी ती गाडी पुणे स्टेशनवरून पुढं रुबी हॉलपर्यंत गेली. आणि इथून आमच्या आईची गोष्ट सुरू होते.

आई आता ऐंशीची आहे. दोन्ही गुडघे तक्रार करतात. ती सोलापुरात माझ्याकडं असते आणि थंडीत तीन-चार महिने ताईकडं जाते. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला उतरायचं आणि मग स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस, हा आमचा वीस वर्षांचा रिवाज. २०२३ च्या हिवाळ्यात मी तिला पहिल्यांदा मेट्रोनं नेलं. सरकत्या जिन्यासमोर ती थबकली. नऊवारी नाही, पाचवारीच नेसते, पण पदर आणि निऱ्या एका हातात घट्ट धरून उभी राहिली. मागं दहा माणसं खोळंबली. "मला नाही जमायचं रे, लिफ्ट कुठंय?" लिफ्ट होती. गेलो. कोथरूडला उतरताना लिफ्टनंच खाली आलो. घरी पोचल्यावर म्हणाली, "हे बरंय की. गाडीत कुणी पाय तुडवला नाही."

आठ दिवसांत ती सरकता जिना शिकली. महिनाभरात एकटी जायला लागली. ताईला वाटलं मी फितवलं, मला वाटलं दाजींनी शिकवलं. खरं तर समोरच्या इमारतीतल्या दोन आज्जींनी तिला हाताला धरून शिकवलं होतं. कार्ड कुठं टेकवायचं, दार उघडल्यावर आधी उतरणाऱ्यांना जाऊ द्यायचं, आणि पिवळ्या रेघेच्या मागं उभं राहायचं. ही पिवळी रेघ आईला फार आवडते. "रेघेच्या मागं उभं राहा म्हटलं की सगळे राहतात बघ. आपल्या भाजी मंडईत ओढून बघ अशी रेघ!"

मग ६ मार्च २०२४ ला गाडी रामवाडीपर्यंत गेली. वनाज ते रामवाडी पुरी झाली, सोळा स्थानकांची. आईची धाकटी बहीण, आमची मावशी, मुलाकडं कल्याणीनगरला असते. पुण्याची दोन टोकं. मधे नदी, मधे लक्ष्मी रस्त्याची नाहीतर जंगली महाराज रस्त्याची गर्दी. दोघी बहिणी एकाच शहरात महिनोनमहिने असूनसुद्धा वर्षातून दोनदा भेटायच्या, कारण कुणीतरी रजा काढून न्यायला लागायचं. आता दर बुधवारी आई सकाळी निघते, दुपारचं जेवण मावशीकडं करते, चारच्या आत परत. पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी असते. येताना मावशीकडचा डबा भरलेला असतो. दोन म्हाताऱ्या बहिणींनी आयुष्यातली राहिलेली भांडणं दर बुधवारी हप्त्याहप्त्यानं पुरी करत आणली आहेत. :-)

म्हणजे बघा, मेट्रोच्या विरोधात लिहायला बसलेला माणूस हे लिहितोय. तिकिटाचे पैसे, वाचलेली मिनिटं, हे हिशेब पुष्कळ वाचलेत. पण ऐंशीच्या बाईला 'मला कुणी नेईल का?' हे विचारावं लागू नये, याची किंमत कुठल्या अहवालात लिहितात ते मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू. ती आमच्या ताईची.

ज्यांनी असं उंचावरचं स्टेशन जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली रस्ता. त्याच्यावर पहिल्या मजल्यावर तिकिटं आणि फिरती दारं. त्याच्यावर फलाट. तो येतो साधारण तीन-चार मजले उंचीवर. म्हणजे ताईची गॅलरी आणि फलाट बरोब्बर एका पातळीत. अंतर इतकंच की समोर उभ्या माणसानं कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय ते चष्म्याशिवाय दिसतं. आणि त्यालाही आपण दिसतो.

त्या गॅलरीत ताई सकाळचा चहा प्यायची. तिथंच उन्हाळ्यात कुरडया वाळत पडायच्या, तिथंच दुपारी ती निवडटिपण करत बसायची. २०२२ नंतर तिनं तिथं बसणं सोडलं. "कुणी मुद्दाम बघत नाही रे, पण गाडीची वाट बघणारा माणूस दुसरं करणार काय? समोर जे आहे ते बघणार." पडदे दिवसभर ओढलेले. सकाळचं ऊन फलाटाच्या छतामागं गेलं. गाडीचा आवाज तसा फार नाही, खालच्या रस्त्याचा जास्त आहे. पण पुढील स्थानक अमुक, दरवाजे तमुक बाजूला उघडतील, हे तीन भाषांत ऐकून ऐकून ताईला आता झोपेत विचारलं तरी सगळी स्थानकं ओळीनं म्हणता येतात.

यावर घरात काय बोललं जायचं? दाजी म्हणायचे, "जागेचा भाव किती वाढला माहितीय का?" भाचा म्हणायचा, "आई, लोक मेट्रोजवळ राहायला मरतात." आणि खरं सांगतो, मीसुद्धा म्हणायचो, "ताई, एवढं काय, पडदा लाव ना." दाजींनी तर मधे फ्लॅट विकून बावधनला मोठा घ्यायचा बेत काढला. पंचवीस वर्षांचं घर. ताई त्या दिवशी जेवली नाही. तिला भाव नको होता, गॅलरी हवी होती. आणि हे म्हणायची तिला लाज वाटायची, कारण म्हटलं तर ती प्रगतीच्या आड येणारी बाई ठरत होती. माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्या मोठ्या कामांत हीच एक गोष्ट बिघडते. ज्याचं काही जातं त्यानं ते गेलं असं म्हणायचंसुद्धा नाही!

हे काही अटळ नाही. सिंगापूरला बुकित पांजांग नावाच्या वस्तीत ६ नोव्हेंबर १९९९ ला अशीच उंचावरून जाणारी हलकी रेल्वे सुरू झाली. खरी लाईट रेल, म्हणजे लहान डब्यांची, घरांच्या रांगांमधून वळणं घेत जाणारी. गाडी इमारतीच्या फार जवळून जायला लागली की तिच्या खिडक्यांच्या काचा आपोआप धुरकट होतात, आणि इमारत मागं पडली की पुन्हा स्वच्छ. मला हे वाचून फार बरं वाटलं. यंत्र म्हणून विशेष काही नाही त्यात. पण नकाशे काढणाऱ्या कुणालातरी आपल्या ताईसारख्या बाईची गॅलरी दिसली होती! आपल्याकडं निदान गॅलरीसमोर येणाऱ्या फलाटाच्या तेवढ्या भागाला दुधी काचेचा आडोसा घालायला काय हरकत आहे? जाहिरातींचे फलक लावायला जागा सापडतेच की.

आई दोघांच्या मधे अडकली. एकदा म्हणाली, "मला स्टेशन पाहिजे, माझ्या लेकीला गॅलरी पाहिजे. यात भांडायचं काय आहे? दोन्ही का नाही मिळत?" यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. दाजी पेपर वाचायला लागले.

आता तिसरी गोष्ट, ज्यामुळं मी खरा चिडलो. गेल्या पावसाळ्यात आई पडली.

गाडीत नाही. सरकत्या जिन्यावर नाही. स्टेशनात तर नाहीच, तिथली फरशी कोरडी, कठडे धड, दिवे लख्ख. मावशीकडून येत होती. लिफ्टनं खाली आली. स्टेशनच्या पायथ्यापासून ताईच्या इमारतीच्या दारापर्यंत माझी दोनशे दहा पावलं होतात, मी नंतर चालून मोजली. त्या दोनशे दहा पावलांत फुटपाथ तीनदा संपतो. एकदा वीजपेटीपाशी, एकदा लावलेल्या दुचाकींच्या रांगेपाशी, आणि एकदा काहीही कारण नसताना, नुसताच. तिथं फूटभर खाली उतरून रस्त्यावरून चालायचं आणि पुन्हा वर चढायचं. उतरताना पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. मनगट मोडलं. ऐंशीव्या वर्षी मनगट म्हणजे सहा आठवडे प्लॅस्टर आणि नंतर तीन महिने धास्ती.

ती दोनशे दहा पावलं कुणाची, हे शोधायचा मी प्रयत्न केला. स्टेशन एकाचं, रस्ता दुसऱ्याचा, फुटपाथ खणणारा तिसरा. प्रत्येकानं अतिशय सभ्यपणे दुसऱ्याकडं बोट दाखवलं. कुणाचं नाव घेत नाही, त्यातला एकही माणूस वाईट नव्हता. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. प्रवासी घराच्या दारातून निघतो आणि घराच्या दारात पोचतो. स्टेशन मात्र आपण जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी संपवतो. वरच्या साडेचौदा किलोमीटरवर हजारो कोटी, आणि खालची दोनशे दहा पावलं देवाच्या भरवशावर.

आणि मग मला तो मूळचा प्रश्न पडला. मुळात एवढं वर चढायचंच कशाला?

हसू नका. आई तिच्या माहेरच्या गाडीविषयी सांगायची, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. ती बार्शीची. 'लाईट रेल' हा शब्द हल्ली पुण्या-मुंबईचे लोक परदेशातून आणल्यासारखा वापरतात, पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात तो सव्वाशे वर्षं जुना आहे. बार्शी लाईट रेल्वे! १८९७ मध्ये सुरू झाली, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आखलेली, अडीच फुटी रुळांची. आधी कुर्डुवाडी ते बार्शी, मग एकीकडं लातूरपर्यंत, दुसरीकडं पंढरपूर आणि पुढं मिरजेपर्यंत. १९५४ मध्ये ती सरकारकडं आली आणि नंतरच्या काळात रूळ रुंद झाले. आई सांगते, लहान थांब्यांवर उंच फलाट नसायचा. गाडी जमिनीवर उभी, माणूस जमिनीवर उभा. मामा पोरांना काखेत धरून वर ठेवायचा आणि मग स्वतः चढायचा. म्हाताऱ्यांना कुणीतरी हात द्यायचं. गाडी हळू, आणि धुरानं तोंड काळं. मी त्या जमान्याचे गोडवे गात नाही. पण गाडी माणसाच्या पातळीला होती एवढं खरं.

जगात जिथं जिथं लाईट रेल चांगली चालते तिथं ती बहुतेक रस्त्यावरूनच चालते, आपल्या मुंबईत ३१ मार्च १९६४ पर्यंत ट्राम चालायची तशी. फुटपाथवरून उतरलं की गाडीत. जिना नाही, लिफ्ट नाही, कुणाच्या गॅलरीसमोर फलाट नाही. आपल्याच केंद्र सरकारनं २०१९ मध्ये लहान शहरांसाठी 'मेट्रोलाइट'ची कल्पना मांडली ती हीच. तासाला एका दिशेनं पंधरा हजारांपर्यंत माणसं जाणार असतील तर मोठी मेट्रो नको, हलकी रेल्वे करा, आणि ती शक्यतो जमिनीवरूनच वेगळी जागा आखून न्या.

पण जागा आखून देणार कोण? इथं गाडं अडतं. पुण्यानं २००६ मध्ये देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग केला होता, कात्रज-स्वारगेट-हडपसर. बससाठी वेगळी मार्गिका. आठवतंय ना काय झालं? प्रत्येक मोटारवाल्याला आणि दुचाकीवाल्याला ती रिकामी मार्गिका म्हणजे आपल्यावरचा अन्याय वाटला. जो तो तिच्यात घुसला. मीही एकदा भाच्याच्या गाडीवर मागं बसून घुसलोय. बस काही मार्गिका उरली नाही. म्हणून मग आपण वर जातो. उंचावरचं स्टेशन ही खरं म्हणजे एक कबुली आहे. खालचा रस्ता गाड्यांच्या मालकांकडून आम्हाला सोडवून घेता आला नाही, तेव्हा पायी चालणाऱ्यांनी आणि म्हाताऱ्यांनी चार मजले चढावं, अशी. चढायला सरकता जिना दिला, हे उपकारच.

पुण्यात, मान्य करतो, दुसरा इलाज राहिला नव्हता. पौड रस्त्याला आता कोण काय आखणार! त्या उंचावरच्या स्टेशनानं एक भलं मात्र परस्पर केलं. आईला समोरच्या बाजूचं किराणा दुकान गाठायचं असलं की ती स्टेशनात चढून पहिल्या मजल्यावरून पलीकडं उतरते. रस्ता ओलांडायला मेट्रो! जीव मुठीत धरून पळण्यापेक्षा बरंच.

पण वर गेलं म्हणजे सुटलो असंही नाही. मुंबईची मोनोरेल घ्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा, आणि मार्च २०१९ मध्ये पुढं संत गाडगे महाराज चौकापर्यंत. वस्त्यांमधून उंचावर हलकी गाडी, कागदावर सुरेख. पण चढून जावं अशा ठिकाणी ती जात नव्हती, म्हणून माणसं फार चढलीच नाहीत. आणि १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात लोकल बंद पडल्या तेव्हा एकदम इतकी चढली की गाडी वजनानं मधेच अडकली. पाचशेहून अधिक लोकांना अग्निशमन दलानं शिड्या लावून उतरवलं. २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणेसाठी ती सेवा थांबवली गेली. नाशिकसाठी तर टायरवर धावणाऱ्या 'मेट्रो निओ'ची घोषणा २०२१ च्या अर्थसंकल्पात झाली होती, २,०९२ कोटींची. नाशिकच्या व्याह्यांना विचारा, त्यांच्या ग्रुपवर चित्रं आपल्या आधीपासून आहेत.

आता या आपल्या सोलापुरात.

२०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं. गाव मोठं आहे, वाढतंय, विजापूर रोड, होटगी रोड, सगळीकडं घरं होताहेत. दोन उड्डाणपुलांची चर्चा ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले. पण मला कुणी सांगावं, सात रस्त्यावरून तासाला पंधरा हजार माणसं एका दिशेनं कधी जातात? गड्ड्याच्या यात्रेतले दिवस सोडून? पुण्याच्या पहिल्या टप्प्याच्या सव्वाएकतीस किलोमीटरना मंजुरीच्या वेळी ११,४२० कोटी धरले होते. त्यात भुयारही आहे, हे मान्य. किलोमीटरला सरासरी ३६५ कोटी पडतात. एक विजेची बस दीड कोटीची धरा. बँकेतली सवय, हिशेब करून टाकतो. एका किलोमीटरच्या पैशात दोनशे चाळीसच्या वर बसगाड्या येतात. एवढ्या बसगाड्या आल्या तर सोलापुरात त्या उभ्या करायला जागा शोधावी लागेल. निम्म्या आणा. उरलेल्यात फुटपाथ करा, सलग, पायरी न उतरता चालता येतील असे. थांब्यावर छप्पर, बाकडं आणि बस किती मिनिटांत येणार त्याची पाटी.

आणि मुख्य म्हणजे आपल्याकडं अजून जागा आहे! जुळे सोलापुरातले काही रस्ते अजूनही रुंद आहेत. तिथं आजच बसची वाट आखली तर उद्या आपल्याला कुणाच्या गॅलरीसमोर फलाट उभा करायला लागणार नाही. पुण्यानं जे वेळेत केलं नाही ते आपल्याला करता येईल. पण आपल्याला पुण्याचा शेवटचा अध्याय पाहिजे, मधले सगळे गाळून.

हे सगळं मी पुतण्याला फोनवर ऐकवलं. पोरगं गुणी, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणालं, "काका, तुमचं बरोबर असेल. पण बसचा फोटो कोण फॉरवर्ड करतंय?"

यावर मी गप्प बसलो. खरंय ते. काचेची गाडी आकाशातून चालली की आपलं गाव कुणीतरी झाल्यासारखं वाटतं. बस बघून तसं वाटत नाही, उलट आपण आहोत तसेच आहोत असं वाटतं. सोलापूरच्या माणसाला पुण्यात 'तुमच्याकडं काय आहे?' असं विचारलं की चादर आणि चटणीच्या पुढं सांगायला काहीतरी हवं असतं. मलाही हवं असतं. त्या सतरा अंगठ्यांत ती भूक आहे, हे मला कळतं, आणि म्हणून मी त्यांच्यावर चिडत नाही. फार चिडत नाही, असं म्हणू.

ताईचं सांगायचं राहिलं. फ्लॅट विकायचा बेत बारगळला. आई पडली तेव्हा सहा आठवडे ताईनंच सगळं केलं, आणि त्या काळात दाजी दुपारचे घरी असायचे. पडदे ओढलेल्या घरात दुपार कशी जाते ते त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी स्वतः जाऊन बांबूची चिक आणली आणि गॅलरीला लावली. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. ताईची खुर्ची पुन्हा गॅलरीत गेलीय. ऊन काही परत आलं नाही.

आणि आईचे बुधवार पुन्हा सुरू झालेत. आता त्या दोनशे दहा पावलांना ताई बरोबर असते, स्टेशनच्या लिफ्टपर्यंत. पुढचे चौदा-पंधरा किलोमीटर आई एकटी जाते.

येत्या महिन्यात ती सोलापूरला परत येईल. इथं आम्ही बाळीवेशीत राहतो. तिची शाळेपासूनची मैत्रीण जुळे सोलापुरात असते, पाच-सहा किलोमीटरवर. दोघींची शेवटची भेट दोन वर्षांपूर्वी एका लग्नात झाली. शेअर रिक्षात दोघांच्या मधे अंग चोरून बसणं आईला आता जमत नाही, आणि बसच्या थांब्यावर किती वेळ उभं राहायचं ते कुणी सांगत नाही. हे पुतण्याला सांगितलं तर लगेच म्हणाला, रविवारी मी आज्जीला स्कूटरवर सोडतो.

आईला कळवलंय. तिनं दोन अटी घातल्यात. हळू चालवायची, आणि खड्डा आला की आधी सांगायचं.